'ज्यू राष्ट्र' की 'ज्यू लोकांचं राष्ट्र-राज्य'?

प्रश्न असा आला आहे : इस्रायलने 2018 साली केलेल्या कायद्याबद्दल मराठीत कुणी 'इस्रायल ज्यू राष्ट्र घोषित' असं लिहितं, कुणी 'ज्यू राज्य' तर कुणी 'राष्ट्र-राज्य'. 'राज्य' म्हटलं की आपल्याला महाराष्ट्र, कर्नाटक आठवतात. मग योग्य शब्द कोणता? आणि 'इस्रायलने राज्यघटनेत दुरुस्ती करून ज्यू ओळख घातली' हे वाक्य बरोबर आहे का?

माझं मत आधी सांगतो. 'ज्यू लोकांचं राष्ट्र-राज्य' हेच लिहावं. आणि घटनादुरुस्तीचं वाक्य चुकीचं आहे, कारण दुरुस्त करायला तिथे एकसंध लिखित घटनाच नाही.

कायद्याचं हिब्रू नाव पाहिलं की बरंचसं उलगडतं : 'होक येसोद : यिस्राएल, मदिनात हा-लऊम शेल हा-आम हा-येहुदी'. यात आपल्या कामाचे तीन शब्द आहेत. मदिना म्हणजे शासन, सीमा, कायदे असलेलं राज्य. लऊम म्हणजे राष्ट्र. आम म्हणजे लोक, जनसमूह. 'ज्यू राष्ट्र' म्हटलं की हे तिन्ही शब्द एकात कोंबले जातात, आणि ज्यावरून तिथे इतकी वर्षं वाद चालू आहे, ते अंतरच पुसलं जातं.

आपला गोंधळ होतो तो 'राष्ट्र' हा शब्द आपण सैलपणे वापरतो म्हणून. 'संयुक्त राष्ट्रे' या नावाने तर ती सवय पक्कीच केली. त्या संघटनेचे सदस्य असतात ती राज्यं. उलट 'राज्य' या शब्दाला मराठीत मोठा अर्थ नाही असं मुळीच नाही. राज्यशास्त्र, राज्यकर्ते, राज्यघटना, स्वराज्य, गणराज्य या सगळ्यांतलं 'राज्य' म्हणजे काही घटकराज्य नव्हे. गंमत म्हणजे 'मदिना' या शब्दालाही हे दोन्ही अर्थ होऊन गेले आहेत. बायबलमधल्या एस्तेरच्या पुस्तकात पर्शियाच्या राजाच्या ताब्यातल्या 127 प्रांतांना मदिनाच म्हटलं आहे. पुढे आधुनिक हिब्रूने तोच शब्द सार्वभौम राज्यासाठी घेतला. त्यांना जे जमलं ते आपल्यालाही जमायला हरकत नाही.

हे तीन शब्द मराठीत एकत्र पाहायचे असतील तर आपल्या संविधानाची उद्देशिका काढा. 'आम्ही, भारताचे लोक' हा आम. 'लोकशाही गणराज्य' ही मदिना. 'राष्ट्राची एकता आणि एकात्मता' हा लऊम. तिथे तिन्ही शब्दांची व्याप्ती एकच आहे : जे नागरिक तेच लोक, आणि त्यांचंच राष्ट्र. इस्रायलमध्ये ती एक नाही, आणि प्रश्नाचा गाभा इथेच आहे. तिथे नागरिकत्वाला 'एझ्राखूत' म्हणतात. लोकसंख्या नोंदवहीत त्याच्याशिवाय 'लऊम'ची वेगळी नोंद असते : ज्यू, अरब, द्रूझ (अरबी बोलणारा एक छोटा धर्मसमूह) वगैरे. नागरिकत्व सर्वांचं इस्रायली, पण 'इस्रायली' हा लऊम मात्र लिहून मिळत नाही. गेओर्ग तामारिन यांनी 'ज्यू' ऐवजी 'इस्रायली' नोंद मागितली. सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये ती नाकारली. उझ्झी ओर्नान आणि इतरांनी तीच मागणी पुन्हा केली, तीही 2013 मध्ये फेटाळली गेली. ओर्नान हे हिब्रूचे भाषाशास्त्रज्ञ. एका शब्दाची नोंद बदलून मिळावी म्हणून भाषेच्या अभ्यासकाने न्यायालयापर्यंत जावं, याचं मला फार मोल वाटतं.

आता 'घोषित' या शब्दाकडे. 'ज्यू राष्ट्र घोषित' हा मथळा काळाच्या हिशेबानेही चुकतो. 29 नोव्हेंबर 1947 च्या संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या ठरावातच 'ज्यू राज्य' आणि 'अरब राज्य' हे शब्द आहेत. 14 मे 1948 च्या घोषणापत्रात 'मदिना येहुदीत', म्हणजे ज्यू राज्य, स्थापन झाल्याचं जाहीर केलं आहे, आणि त्याच घोषणापत्रात धर्म, वंश वा लिंग न पाहता सर्व रहिवाशांना पूर्ण सामाजिक आणि राजकीय समानतेचं वचनही आहे. 1992 च्या मूलभूत कायद्यांत, म्हणजे तिथे घटनेच्या जागी असलेल्या कायद्यांत, शब्दप्रयोग आला 'ज्यू आणि लोकशाही राज्य'. म्हणजे ज्यू हे विशेषण जुनंच. 19 जुलै 2018 रोजी क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, 62 विरुद्ध 55 मतांनी जे मंजूर केलं त्यात नवं होतं ते 'लऊम' शब्दाला दिलेलं घटनात्मक बळ. आणि जे नव्हतं तेही तितकंच बोलकं : 'लोकशाही' हा शब्द त्या कायद्यात नाही, 'समानता' हाही नाही. टीकाकारांचा मुख्य आक्षेप हाच. समर्थकांचं म्हणणं असं की व्यक्तीचे हक्क आधीच्या मूलभूत कायद्यांत सुरक्षित आहेत, हा कायदा फक्त राज्याची ओळख सांगतो. मला यातला टीकाकारांचा आक्षेप जड वाटतो. ओळख सांगणाऱ्या कलमांशेजारी समानतेचा एक शब्द घालायला काहीच अडचण नव्हती.

अनुवादकाची खरी परीक्षा पहिल्या कलमात आहे. राष्ट्रीय स्वयंनिर्णयाचा हक्क बजावणं हे इस्रायल राज्यात ज्यू लोकांसाठी 'यिखुदी' आहे, असं तिथे म्हटलं आहे. हा शब्द ऐकायला 'येहुदी'च्या जवळचा, पण त्याचा अर्थ अनन्य, एकमेव, खास त्यांचाच. इंग्रजी अनुवादांतही यावरून दोन तट आहेत : काहींनी 'वैशिष्ट्यपूर्ण' या अंगाने जाणारा मऊ शब्द घेतला, काहींनी इतरांना वगळणारा कठोर शब्द. मराठीत 'अनन्य' शब्दकोशाच्या दृष्टीने नेमका आहे, पण 'अनन्यभावे शरण' वाचत आलेल्या वाचकाला त्यात भक्तीचा गंध येतो. 'विशेष हक्क' म्हणणं तर दिशाभूल ठरेल, कारण विशेष हक्क एकाला असला तरी साधा हक्क दुसऱ्याला उरतो. मी लिहीन, 'हा हक्क केवळ ज्यू लोकांचा आहे.' 'केवळ' टाळून हे वाक्य प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. याच शब्दाने द्रूझ समाज दुखावला. त्यांचे तरुण सक्तीची लष्करी सेवा करतात. ऑगस्ट 2018 मध्ये तेल अवीवच्या राबिन चौकात त्यांच्या हाकेवर प्रचंड मोर्चा जमला होता. जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 विरुद्ध 1 अशा मताने कायदा कायम ठेवला, आणि बाकीच्या मूलभूत कायद्यांशी सुसंगत राहूनच तो वाचायचा असा अर्थ लावला. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती जॉर्ज कर्रा हे त्या पीठावरचे एकमेव अरब न्यायाधीश होते.

'ज्यू धर्मराष्ट्र' असाही शब्द वाचण्यात येतो, तो मात्र सोडूनच द्यावा. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सणवार, हिब्रू पंचांग यांना कायद्याने स्थान दिलं आहे, पण ज्यू धर्म हा राज्यधर्म असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. कायद्याचा कर्ता 'आम' आहे, लोक आहेत. लोक आणि धर्मसंस्था यांतलं अंतर किती खरं असतं हे कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल ज्यूंनी भोगलं आहे. ज्यांना रायगडच्या गावांतून 'शनिवार तेली' म्हणत, नवगावकर, पेणकर अशी ज्यांची आडनावं, ते तिथे गेले आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने लग्नाच्या वेळी त्यांची वंशावळ तपासायचा आदेश काढला. राज्याने ज्यू म्हणून आत घेतलेल्यांना धर्मपीठ दारात थांबवत होतं. त्यांनी आंदोलन केलं, 1964 मध्ये क्नेसेटने त्यांच्या बाजूने ठराव केला आणि आदेशातला त्यांचा नामोल्लेख गेला. मराठी बोलणाऱ्या या माणसांचा अनुभव डोळ्यांपुढे ठेवला तर 'धर्मराष्ट्र' हा शब्द किती आंधळा आहे हे कळतं.

घटनेचं म्हणाल तर 1948 च्या घोषणापत्रात त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत घटना तयार होईल असं म्हटलं होतं. ती झाली नाही. क्नेसेटच्या 13 जून 1950 च्या हरारी ठरावाने ठरलं की घटना प्रकरणाप्रकरणाने करायची आणि प्रत्येक प्रकरण म्हणजे एक मूलभूत कायदा. पहिला 1958 मध्ये क्नेसेटविषयी झाला. 'येसोद' म्हणजे पाया, त्यामुळे 'पायाभूत कायदा' हा अनुवाद जास्त जवळचा. पण 'पायाभूत' म्हटलं की आता रस्ते-पूल आठवतात, म्हणून रुळलेला 'मूलभूत कायदा'च बरा. 2018 चा कायदा बदलायचा तर दुसरा मूलभूत कायदाच लागतो, आणि तोही क्नेसेटच्या 120 पैकी किमान 61 सदस्यांच्या मताने. तेव्हा 'घटनात्मक दर्जा दिला' असं लिहावं.

जाता जाता आणखी एक चूक. 'हिब्रू राष्ट्रभाषा झाली' हेही बरोबर नाही. मूळ शब्द 'स्फात हा-मदिना', राज्याची भाषा, म्हणून 'राजभाषा' म्हणावं. 1922 च्या ब्रिटिश फर्मानापासून अरबीही अधिकृत भाषा होती. 2018 मध्ये तिला 'विशेष दर्जा' उरला, आणि आधी प्रत्यक्षात असलेल्या स्थानाला बाधा येणार नाही असं कलमात जोडलं गेलं. गोव्यात 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीला शासकीय वापराची मुभा मिळाली, त्या वेळचे वाद ज्यांना आठवतात त्यांना 'राजभाषा' आणि 'वापरातली भाषा' यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही.

बातमीच्या मथळ्यात संपूर्ण नाव मावत नसेल तर 'इस्रायलचा राष्ट्र-राज्य कायदा' एवढं लिहावं, आणि 'ज्यू लोकांचं' हे पहिल्या वाक्यात घ्यावं.