आधी पोटावर हात, मग मशीन

वाचकांचे प्रश्न : बालरुग्ण अतिदक्षता

प्रश्न : माझा नातू आठ महिन्यांचा. श्रावणात सर्दी होऊन त्याची छाती भरली. गावच्या डॉक्टरांनी लगेच पुढे पाठवलं आणि तिथे त्याला व्हेंटिलेटर लावला. दुसऱ्या दिवशी मी आत गेले तर मशीन वेगळं चाललं होतं आणि बाळाचं पोट वेगळं. सिस्टर म्हणाल्या, ‘बाळ मशीनशी भांडतंय,’ आणि झोपेचं औषध वाढवलं. आता तो घरी आहे, दूध पितो, फक्त रडणं घोगरं झालंय. ते औषध द्यायलाच हवं होतं का? त्याला त्याचा श्वास घेऊ दिला असता तर चाललं नसतं का?
— एक आजी, देवगड तालुका

उत्तर : आजी, नातू घरी आला हे वाचून फार बरं वाटलं. तुम्ही जे पाहिलंत ते अगदी बरोबर पाहिलंत. मीही राउंडला गेले की आधी बाळाच्या पोटावर तळवा ठेवते आणि मग स्क्रीनकडे बघते. हाताखाली श्वास साठ आणि मशीन दाखवतंय चाळीस, तर वीस वेळा बाळाने मागितलं आणि त्याला मिळालं नाही.

तुमच्याकडे दशावतार होतो. त्यात संवाद लिहिलेले नसतात, नट कधी पद धरील ते पखवाजवाला त्याच्याकडे बघून ओळखतो. व्हेंटिलेटरनेही असंच बाळाच्या मागून जायला हवं. अडचण अशी, की मशीन बाळाकडे बघत नाही, बाळाच्या श्वासनलिकेत घातलेल्या नळीतल्या हवेकडे बघतं. बाळाने हवा ओढली की नळीतला प्रवाह जरासा बदलतो, तो बदल ओळखून मशीन श्वास देतं. मोठ्या माणसात हे सहज जमतं. सात किलोचं बाळ एका श्वासात जेमतेम 40 मिलिलिटर हवा घेतं, म्हणजे आठ चमचे. धाप लागलेलं बाळ मिनिटाला साठ श्वास घेतं, त्यातला आत घेण्याचा वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी. मशीनला थोडा जरी उशीर झाला तरी बाळ श्वास सोडायला लागलेलं असतं आणि त्याच वेळी आत हवा ढकलली जाते. पोट कडक होतं, बाळ तळमळतं. तुम्हाला दिसलं ते बहुधा हेच.

नातवाच्या आजारात आणखी एक गोष्ट असते. बारीक श्वासनलिका सुजून कफाने भरतात, हवा आत अडकून राहते. ती अडकलेली हवा रेटल्यावरच बाळाची ओढ मशीनपर्यंत पोचते. अशक्त बाळाची ओढ पोचतच नाही. कधी उलटंही होतं : नळीच्या कडेने हवा गळते किंवा सर्किटमध्ये, म्हणजे मशीनपासून बाळापर्यंतच्या नळ्यांमध्ये, वाफेचं पाणी साचून हेलकावतं, आणि बाळाने मागितलेलं नसताना मशीन श्वास देत सुटतं.

म्हणून माझं ठाम मत असं आहे : बाळ तळमळलं की आधी कारण शोधायचं. नळी सरकली का, कफ अडकला का, सर्किटमध्ये पाणी आहे का, ताप किंवा दुखणं आहे का, मशीन पुरेसं हळवं लावलंय का, श्वासाचा वेळ जास्त ठेवलाय का. एवढं बघायला दोन-तीन मिनिटं पुरतात. झोपेचं औषध त्यानंतर. औषधाने पोट शांत दिसतं खरं, पण श्वासाचा पडदा, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला श्वास ओढणारा स्नायू, काम न करता बसून राहिला की लवकर बारीक होतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 18 ते 69 तास पूर्णपणे यंत्राच्या श्वासावर असलेल्या मेंदूमृत अवयवदात्यांच्या पडद्याचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. मशीन काढायची वेळ येते तेव्हा त्याच पडद्यावर भिस्त असते.

तरीही तुमच्या नातवाला औषध चुकीचं दिलं असं मी म्हणणार नाही. नळी तोंडात असताना थोडं औषध लागतंच, बाळाने ती ओढून काढली तर जीवावर बेततं. आणि फुप्फुस फार आजारी असेल तर बाळाची जोराची धापच त्याला इजा करते. तेव्हा एक-दोन दिवस त्याचा श्वास बाजूला ठेवावा लागतो. तो निर्णय खाटेपाशी उभं राहूनच होतो.

पडद्याकडे थेट बघणारी पद्धतही आहे. संशोधक क्रिस्टर सिंडरबी आणि सहकाऱ्यांनी ती 1999 साली मांडली. नाकातून पोटात जाणाऱ्या दूध पाजायच्या बारीक नळीवरच संवेदक असतात. ते पडद्यातले विजेचे सूक्ष्म संकेत टिपतात आणि त्यावर मशीन चालतं, म्हणून हवेची गळती आड येत नाही. मशीन आणि बाळ यांचा मेळ यात नक्की सुधारतो. जास्त मुलं वाचतात असं मात्र अजून सिद्ध झालेलं नाही, आणि नळी महाग आहे. आपल्या भागात ती नाही म्हणून कुणी हळहळू नये. हात, घड्याळ आणि जागी सिस्टर असली तरी बरंच साधतं.

नातवाचं घोगरं रडणं व्हेंटिलेटरच्या नळीमुळे आहे. सहसा काही दिवसांत सुटतं. श्वास आत घेताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला रात्री जमिनीवर झोपलेला असताना मण्यार चावली. आज तो व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टर म्हणतात, सगळा श्वास मशीनचाच आहे. आम्ही घाबरलो आहोत.
— एक मामा, मंडणगड

उत्तर : इथे डॉक्टर बरोबर करताहेत. मण्यारीचं विष मज्जातंतूची टोकं बंद पाडतं, त्यामुळे मेंदूचा निरोप पडद्यापर्यंत पोचत नाही. मुलाकडून ओढच येत नाही, तर मशीनने कुणाच्या मागून जायचं? विषावरचं इंजेक्शन रक्तातलं विष थोपवतं, पण बिघडलेली टोकं पुन्हा दुरुस्त व्हायला दिवस लागतात. तोवर मशीन श्वास घेतं आणि मूल वाचतं. तो पापणी उचलत नसला तरी त्याला ऐकू येत असू शकतं. म्हणून भेटीच्या वेळेत त्याच्याशी नाव घेऊन बोला, आणि खाटेपाशी रडारड किंवा खर्चाची चर्चा करू नका. पापण्या हलू लागल्या, मान उशीवरून उचलता येऊ लागली की त्याचा श्वासही परततोय असं समजा. तेव्हा डॉक्टरांना विचारा, की मशीनचे श्वास कधीपासून कमी करणार.