हेक्सचॅट या आयआरसी (इंटरनेटवरच्या मजकुरी गप्पा) प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या थांबल्या. यवतमाळकडं गावात लाइन सारखी जाते. उबुंटूवर आयआरसीसाठी काय वापरू?

खिडकीवालं हवं असेल तर कॉन्व्हर्सेशन (Konversation), टर्मिनल चालत असेल तर वीचॅट (WeeChat; चिनी वीचॅट नव्हे). हेक्सचॅटची शेवटची आवृत्ती २.१६.२, फेब्रुवारी २०२४ ची. कॉन्व्हर्सेशन मात्र केडीई या डेस्कटॉप प्रकल्पाच्या नियमित प्रकाशनांसोबत येत राहतं. लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कसाठी पोर्ट ६६९७, एसएसएलवर (सुरक्षित जोडणी) टिक, आयडेंटिटीत एसएएसएल प्लेन (जोडतानाच पासवर्डनं लॉगिन). लाइन गेली की जुनं निक (टोपणनाव) सर्व्हरवर काही मिनिटं अडकून बसतं, म्हणून परत येताना नावाला अंडरस्कोरची शेपटी लागते. निक नोंदवलेलं असेल तर निकसर्व्हला (नावं सांभाळणारी नेटवर्कची सेवा) ‘रीगेन’ (REGAIN) आणि ते नाव पाठवा, सुटतं. फक्त, ग्नोमवर (उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप) कॉन्व्हर्सेशन केडीईच्या लायब्रऱ्यांचा गठ्ठाच ओढून आणतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागवत असाल तर वीचॅटच बरं.