आधी शेवटची पायरी त्याच्या हाती दे

अगं, ३ वर्षांच्या मुलाला अख्खी चड्डी एकदम घालायला सांगू नकोस, तो चिडणारच. गुडघ्यांपर्यंत तू चढव, कमरेपर्यंत ओढणं त्याचं. ते जमलं की एक पाय त्याला घालू दे. शेवट स्वतः केला की चेहरा कसा खुलतो, बघशील! माझी दोन्ही मुलं अशीच शिकली. चड्डी इलॅस्टिकची घे, बटणं नंतर.

आंघोळीला जड तांब्या नको, छोटा पेला दे. विसण घालणं मात्र तुझंच काम.

दात आधी त्याला घासू दे, मग तू पुन्हा घास. ६-७ वर्षांपर्यंत हात नीट वळत नाही. पेस्ट वाटाण्याएवढी पुरे.

आणि सकाळी त्याला १० मिनिटं लवकर उठव. घाईत आपलेच हात पुढे जातात गं.