गव्हाच्या बिअरमधलं केळं येतं कुठून?

प्रश्न : मी एका मायक्रोब्रुअरीत सहायक ब्रुअर आहे. आमची हेफेवाइझन (जर्मन पद्धतीची गढूळ गव्हाची बिअर) डिसेंबरात झकास होते. एप्रिल-मे आला की केळ्याचा वास इतका चढतो की गिऱ्हाईक विचारतं, इसेन्स घातलंय का? एकदोन बॅचना तर नेलपॉलिशचा वास आला. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) तेच, हॉप्स तेच, यीस्टही तेच. मग बिघडतंय कुठे?
— एक वाचक, अंधेरी

उत्तर : यीस्ट तेच असलं तरी त्याला मिळणारं तापमान तेच नाही. गव्हामुळे बिअरला फेस, गढूळपणा आणि भरीवपणा येतो. केळ्याचा आणि लवंगेचा वास ही मात्र यीस्टची करणी. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एस्टरचा, म्हणजे यीस्टने तयार केलेल्या वासाच्या संयुगाचा. १७-१८ अंश सेल्सिअसला तो मर्यादेत राहतो आणि लवंग जाणवते. २२च्या वर केळं सगळ्यांवर कुरघोडी करतं. त्याहून तापलं की इथाइल अ‍ॅसिटेट वाढतं, तेच तुमचं नेलपॉलिश.

टँकच्या पॅनेलवर १८ दिसतं म्हणून निर्धास्त राहू नका. आधी यीस्ट टाकतेवेळी वॉर्ट (माल्टचा उकळलेला गोड रस) किती अंशांवर होता ते बॅचच्या वहीत बघा. मे महिन्यात मुंबईत टाकीतलं पाणीच ३० अंशांच्या आसपास असतं. नुसत्या त्या पाण्यावर प्लेट चिलर चालवला तर वॉर्ट त्याच्या खाली उतरणारच नाही. मग टँकचं गार करणारं जॅकेट रात्रभर झगडतं आणि तोवर यीस्ट वाढीला लागलेलं असतं. एस्टरचा पाया पडतो तो याच काळात. म्हणून चिलरच्या दुसऱ्या टप्प्यात गार पाणी किंवा ग्लायकॉल (न गोठणारा थंड द्रव) घ्या, वॉर्ट १६-१७ वर आणा, मगच यीस्ट टाका. पहिले दोन दिवस १८ धरून ठेवा, शेवटी २० पर्यंत चढू द्या.

यीस्ट कमी टाकून केळं वाढवायचं आणि जास्त टाकून दाबायचं, हा खेळ बेभरवशाचा आहे. सुकं यीस्ट १०० लिटरला ५० ते ८० ग्रॅम, वजन करून, दर वेळी तेवढंच.

प्रश्न : आमच्याकडे उलटं आहे. तापमान काटेकोर, गव्हाचं माल्ट ७० टक्के, तरी लवंग नावालाही नाही. मॅश टन (माल्ट गरम पाण्यात भिजवायचं भांडं) एकाच तापमानाचा आहे, खालून तापवता येत नाही. यीस्ट बदलू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी यीस्ट कोणतं आहे ते पाहा. साध्या अमेरिकन एल बिअरच्या यीस्टला लवंग जमतच नाही. माल्टमधल्या फेरुलिक आम्लाचं लवंगेच्या वासात रूपांतर करणारी यंत्रणा त्यात निकामी असते. तुमचं यीस्ट खरंच वाइझनचं (जर्मन गव्हाच्या बिअरचं) असेल, तर त्याला कच्चा माल कमी पडतोय. फेरुलिक आम्ल मोकळं होतं ४३-४५ अंशांना, आणि गव्हापेक्षा बार्लीच्या माल्टमधून जास्त. ७० टक्के गहू इथे उलट अडचणीचा ठरतो. तो ५०-५५ वर आणा.

टन तापवता येत नसला तरी बिघडत नाही. १०० किलो माल्टला ४७ अंशांचं २०० लिटर पाणी घ्या. आपल्याकडे गोदामातलं माल्टच २९-३० अंशांचं असतं, त्यामुळे मिश्रण ४४ वर बसतं. परदेशी पुस्तकातला आकडा घेतलात तर इथे तापमान वर जाईल. २० मिनिटं थांबा, मग उकळतं पाणी हळूहळू सोडत, ढवळत राहा. साधारण १५० लिटरला ६५ अंश गाठतात. एकदम ओतलंत तर एका बाजूला माल्ट भाजून निघेल.

यीस्ट बदलणारच असाल तर सुक्यांपैकी म्युनिक क्लासिक घ्या. अंग भरलेलं राहतं. डब्ल्यूबी-०६ बिअर फार कोरडी करतं, उकाड्यात ते बरं वाटतं. पण ते डायास्टॅटिकस जातीचं आहे, इतर यीस्ट सोडून देतात ती डेक्स्ट्रिनही (स्टार्चचे मोठे तुकडे) खातं. पाइपात किंवा व्हॉल्व्हमध्ये थोडं जरी राहिलं तरी पुढच्या लागरच्या केगमध्ये (बिअरच्या पिंपात) गॅस वाढत जातो. सफाईची खात्री नसेल तर त्या वाटेला न गेलेलं बरं.

आणि लवंगेऐवजी दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास आला, तर दोष यीस्टचा नाही, पाण्यातल्या क्लोरीनचा. कार्बन फिल्टर बदला. (मॅशमध्ये खऱ्या लवंगा टाकण्याची शक्कल काही जण लढवतात. तो मसाला दूधवाल्याकडे ठेवा.)

प्रश्न : एकीकडे ‘व्हीट बिअर’ला केळ्याचा वास, दुसरीकडे संत्र्याचा. फळं घालतात का?
— एक वाचक, दादर

उत्तर : केळं कोणी घालत नाही. संत्र्याची साल आणि धणे मात्र खरोखरच घालतात. ती बेल्जियन विटबिअर. तिचं यीस्ट वेगळं, थोडं मिरमिरीत, आणि गहू बहुधा माल्ट न केलेला. मागवण्याआधी ‘हेफे की विट’ एवढं विचारा. हेफे असेल तर केग कधी लागला तेही विचारा, कारण केळ्याचा वास दिवसांगणिक ओसरत जातो.