अठरावे लागणे आणि अठरा पूर्ण होणे : बालविवाहाविषयीची प्रश्नोत्तरे

लग्नसराई जवळ आली की बालविवाहाविषयीची पत्रे वाढतात. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे, प्रश्न मात्र त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

प्रश्न : माझी भाची सतरा वर्षे आठ महिन्यांची आहे, म्हणजे तिला अठरावे लागलेलेच आहे. मुलगा २४ वर्षांचा, नोकरीला. वैशाखातला मुहूर्त काढला आहे. चार महिन्यांसाठी चांगले स्थळ सोडावे का?

उत्तर : आपल्या बोलण्यात ‘अठरावे लागले’ म्हणजे सतरा पूर्ण झाली. कायद्याला मात्र मुलीची अठरा आणि मुलाची एकवीस वर्षे पूर्ण झालेली हवी असतात. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ हा कायदा १ नोव्हेंबर २००७ पासून लागू आहे आणि त्यात चार महिन्यांची, चार दिवसांची किंवा आई-वडिलांच्या संमतीची कोणतीही सवलत नाही. लग्न लावून देणारे पालक, मध्यस्थी करणारे नातेवाईक आणि अठरा वर्षांवरील नवरा या सर्वांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. मामा म्हणून आपण पुढाकार घेतलात, तर आपलाही त्यात समावेश होतो.

ज्या मुलाला आपण चांगले स्थळ म्हणता, त्याच्या बाजूनेही विचार करावा. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०१७ च्या निकालात स्पष्ट केले की अठरा वर्षांखालील पत्नीशी ठेवलेला शरीरसंबंध हा बलात्कारच आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच वय आहे. लग्न लागलेले असणे हा त्यावर बचाव होत नाही. त्यामुळे या चार महिन्यांत त्या मुलाची नोकरीच काय, त्याचे आयुष्यही पणाला लागते. स्थळ खरोखर चांगले असेल तर ते थांबेल, आणि चार महिनेही थांबायला तयार नसेल तर त्याच्या चांगुलपणाची परीक्षा आताच झाली असे समजावे. आपल्या पत्रात एक गोष्ट मात्र मला सापडली नाही : भाचीला हे लग्न हवे आहे का? ते तिला विचारा, आणि विचारताना घरातली वडीलधारी माणसे समोर बसलेली नसावीत.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवर निघतात आणि नववी-दहावीतल्या मुली अचानक वर्गातून नाहीशा होतात. नंतर कळते की लग्न झाले. पालकांशी वैर न पत्करता मी काय करू शकतो?

उत्तर : आपल्या जिल्ह्यात हे का घडते ते आपण जाणताच, पण इतर वाचकांसाठी थोडे लिहितो. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर ठरते. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. दुसरीकडे आई-वडील पाच-सहा महिने बाहेर असताना वयात आलेली मुलगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीती असते. ही भीती खोटी नाही, आणि तिला अडाणीपणा म्हणून उडवून लावणारा माणूस त्या घरात पुन्हा बोलायला जाऊ शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणी आणि बीडमध्ये हेच प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते. गोव्यात ते सहा टक्क्यांच्या आत आहे. कायदा दोन्हीकडे तोच आहे. मुलीची शाळा किती लांब आहे आणि घरची कमाई कशावर चालते, यातच मोठा फरक आहे.

म्हणून आपले पहिले काम लग्न ठरण्याच्या आधीचे आहे. हंगामी वसतिगृहे आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीची संत भगवानबाबा वसतिगृहे यांची माहिती पालकांना भाद्रपदातच द्या, कारण टोळी निघायच्या आठवड्यात ती सांगून उपयोग होत नाही. मुलीच्या राहण्याची सोय झाली की पालकांचे निम्मे कारण संपते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

लग्न ठरलेच असेल तर ग्रामीण भागात ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. त्यांना कळवा. ते गावच्या दबावाखाली असतील तर १०९८ या क्रमांकावर चाइल्डलाइनला कळवा आणि आपले नाव गुप्त ठेवण्यास सांगा. यापुढचा उपाय फारसा कोणी वापरत नाही, आणि तो सर्वांत प्रभावी आहे. बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम १३ नुसार प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी लग्नाविरुद्ध मनाई हुकूम देऊ शकतात, वेळ कमी असेल तर समोरच्यांना नोटीस न देताही अंतरिम हुकूम देऊ शकतात. बालविवाह ठरल्याची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती त्यासाठी तक्रार करू शकते. हुकूम निघाल्यानंतरही लग्न लावले तर ते लग्न मुळातच शून्य ठरते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते झालेच नाही. नुसते पोलीस आले तर वऱ्हाड पांगते आणि आठ दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात किंवा थेट कारखान्याच्या गेटवर लग्न लागते. न्यायालयाचा हुकूम मात्र वऱ्हाडाच्या मागे तेथेही जातो. मुलीला घरात धोका वाटत असेल तर तिला बालकल्याण समितीपुढे नेता येते, कारण लग्नाचा धोका असलेले मूल हे बाल न्याय कायद्यानुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले मूल आहे.

वैराविषयी एवढेच लिहितो की वैर थोडेफार येईल. परंतु शाळेने आधी दोनदा घरी जाऊन बोलणे केलेले असेल, तर पुढची तक्रार ही चुगली ठरत नाही.

प्रश्न : माझे मंगल कार्यालय आहे. पार्टी आधार कार्ड दाखवते, त्यावर वय बरोबर असते. तरीही मी अडकू शकतो का?

उत्तर : होय. लग्न लावणारा, घडवून आणणारा किंवा त्याला साहाय्य करणारा यांनाही हा कायदा लागू आहे. हा बालविवाह नव्हता असे मानायला आपल्याकडे सबळ कारण होते, हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले आहे. जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला मागा, त्याची प्रत दफ्तरी ठेवा आणि तो मिळाल्याशिवाय तारीख देऊ नका. भटजी, काझी, मंडपवाले, आचारी आणि पत्रिका छापणारे यांनाही हेच सांगणे आहे.

प्रश्न : माझ्या आजीचे लग्न अकराव्या वर्षी झाले. तिला आठ मुले झाली आणि ती नव्वद वर्षे ठणठणीत जगली. पूर्वी हे सर्रास होते, मग आताच एवढा बाऊ का?

उत्तर : आपल्या आजीविषयी आदर ठेवून लिहितो. ओट्यावर बसून गोष्टी सांगणारी आजी ही त्यातून वाचलेली बाई असते. पहिल्या बाळंतपणात गेलेली तिची बहीण किंवा मैत्रीण सांगायला उरलेली नसते. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडे उगीच म्हणत नसत.

आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या वैद्यकीय शिक्षणाकडे वळल्या, १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी पुण्यात वारल्या. त्याच काळात मुंबईत रखमाबाईंवर खटला चालू होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना नवऱ्याकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे रुग्णसेवा केली. पूर्वी सर्रास होते हे खरे, परंतु पूर्वीच्या बायकांना ते मान्य होते हे खरे नाही. त्यांना विचारणारेच कोणी नव्हते. शिवाय बालवयात लग्न झालेल्या कितीतरी मुली बालवयातच विधवा होत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडावे लागले, ते अशाच विधवांसाठी.

कायद्यालाही येथवर यायला फार वेळ लागला. मुलीशी शरीरसंबंधासाठीचे संमतीवय १८९१ मध्ये दहावरून बारा करताना पुण्यात केवढा वाद पेटला होता आणि लोकमान्य टिळक त्या विधेयकाच्या विरोधात, तर आगरकर त्याच्या बाजूने उभे होते, हे आपण वाचले असेलच. १९२९ च्या शारदा कायद्याने लग्नाचे वय मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ ठरवले, १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले, आणि १८ व २१ ही आजची वये १९७८ मध्ये आली.

शरीराचे म्हणाल तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या कमरेच्या हाडांची वाढ पूर्ण झालेली नसते, त्यामुळे प्रसूती अडण्याचा धोका असतो. तिच्यात रक्तक्षयाचे प्रमाण अधिक असते, झटके येण्याचा धोका अधिक असतो, आणि बाळ कमी वजनाचे होण्याची शक्यता वाढते. जगभरात १५ ते १९ वयाच्या मुलींच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत गरोदरपण आणि बाळंतपण यांतील गुंतागुंत आजही मोजली जाते. आजीची नव्वद वर्षे हा आपल्या घराचा आनंद आहे, तो नातीसाठी पुरावा होऊ शकत नाही.

प्रश्न : मुलींचेही वय २१ होणार होते, त्याचे काय झाले?

उत्तर : ते विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये ती लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. आज मुलींसाठी १८ हेच वय आहे. माझे मत विचाराल तर बारावीपर्यंतची शाळा आणि तेथवर नेणारी एसटी मुलीच्या गावात पोहोचली, तर वय आपोआप वर सरकते. ती पोहोचली नाही तर कागदावरचा आकडा वाढवून लपवाछपवी तेवढी वाढेल.

प्रश्न : सून सतरा वर्षांची आहे आणि तिला सातवा महिना आहे. दवाखान्यात नेले तर पोलीस केस होईल म्हणून घरचे नेत नाहीत. मी सासू आहे, मला भीती वाटते.

उत्तर : ताई, तिला आजच दवाखान्यात न्या. ही ओळ वाचून झाली की बाकीचे पत्र नंतर वाचा. पाय सुजणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा रक्त जाणे यांपैकी काही असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. सरकारी रुग्णालयातील तपासणी, प्रसूती आणि औषधे मोफत आहेत.

खोटा दिलासा मात्र मी देणार नाही. अठरा वर्षांखालील मुलगी गरोदर असल्याचे दिसल्यावर पोक्सो, म्हणजे बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावेच लागते, न कळवणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे चौकशी होईल आणि ती आपल्या मुलापर्यंत येईल. त्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारात असलेल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन वकिलाचा सल्ला घ्या. वय खोटे सांगू नका, कारण वय वाढवून सांगितल्याने डॉक्टर धोक्याची बाळंतीण साधी समजून बसतात. घरीच बाळंतपण करून खटला टळत नाही. त्यात सून किंवा बाळ दगावले तर मुलावरचा आरोप आणखी गंभीर होईल, आणि तेव्हा आपल्याला वाटणारी ही भीती फार उशिरा बोलल्यासारखी होईल.

प्रश्न : माझे लग्न सोळाव्या वर्षी लावले. आता मी १९ वर्षे ३ महिन्यांची आहे, माहेरी राहून शिकते. सासरचे नांदायला ये म्हणतात. वडील म्हणतात घटस्फोटाचा डाग लागेल. मला काय करता येईल?

उत्तर : आपल्याला घटस्फोट मागण्याची गरज नाही. बालविवाह प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ३ नुसार बालपणी लग्न झालेली व्यक्ती ते लग्न रद्दबातल ठरवून घेऊ शकते, आणि हा अधिकार फक्त तिचा, किंवा तिच्याप्रमाणेच बालवयात लग्न लावलेल्या जोडीदाराचा असतो. आई-वडील, सासू-सासरे किंवा पंच यांच्या हातात तो नसतो. नवऱ्याने छळ केला, असे काही सिद्ध करावे लागत नाही. लग्नाच्या दिवशी आपले वय अठराच्या आत होते, एवढेच दाखवायचे असते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, लग्नपत्रिका आणि फोटो जमवून ठेवा. निकालात दोन्ही बाजूंना दागिने, भेटवस्तू आणि पैसे परत करण्याचा आदेश होतो, आणि आपल्या पुनर्विवाहापर्यंत पोटगी व राहण्याची सोय मागता येते. मूल असते तर तेही कायद्याने औरसच मानले गेले असते.

अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा असतो, आणि आपण आज जेथे राहता तेथील न्यायालयातही तो करता येतो, सासरच्या गावी जावे लागत नाही. स्त्री म्हणून आपल्याला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज पुरतो. वडिलांना सोबत घेऊन जाता आले तर उत्तम, परंतु आपण सज्ञान आहात, त्यांची सही लागत नाही.

मुदत मात्र कडक आहे : सज्ञान झाल्यापासून दोन वर्षे, म्हणजे आपली वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत. आपल्याकडे नऊ महिने आहेत. त्यात कागदपत्रे मिळवायला वेळ जाईल आणि मे महिन्यात न्यायालयांना सुट्टी असते, त्यामुळे दाखल्यासाठी शाळेत याच आठवड्यात अर्ज द्या.