घरी बाळंतपण करताना पाठीशी डॉक्टर ठेवावा का?

पहिलं बाळंतपण, तिसावा आठवडा, आतापर्यंत सगळं सुरळीत. सुईण प्रशिक्षित आणि अनुभवी. ती म्हणते, डॉक्टर ठरवून ठेवायची गरज नाही, वेळ आलीच तर हॉस्पिटलला जाऊ. नवऱ्याला मात्र डॉक्टर हवाय. आणि तुम्हाला भीती अशी, की एकदा डॉक्टरकडे गेलं की तो घरचा बेत मोडूनच काढणार. तुमच्या प्रश्नातून मला एवढं कळलं.

माझी दोन बाळंतपणं घरी करायची ठरली होती. पहिलं हॉस्पिटलमध्ये जाऊन संपलं, दुसरं घरीच पार पडलं. पहिल्या वेळी मी डॉक्टर ठरवला नव्हता. तुम्ही डॉक्टर ठरवून ठेवा, असंच मी सांगेन. पण तो कशासाठी ठरवायचा हे आधी नीट समजून घ्या, कारण गोंधळ तिथेच होतो.

डॉक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते अचानक काहीतरी बिघडणं. त्या घडीला ठरवलेला डॉक्टर कामाला येत नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त जात असतं. वार (प्लॅसेंटा) पडल्यावर गर्भाशय आवळलं नाही, तर रक्त वाहतच राहतं; तेव्हा घरात जो हजर आहे त्यानेच गर्भाशय चोळायचं, ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन द्यायचं आणि गाडी बोलवायची. बाळाने श्वास घेतला नाही तर बॅग-मास्कने हवा देणं पहिल्या मिनिटाच्या आत सुरू व्हावं लागतं. इतक्या वेळात कुणीही डॉक्टर दारात येत नाही. आणि निघायची वेळ आली तर जायचं ते शस्त्रक्रियेची आणि रक्ताची सोय असलेल्या सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलला, मग आपला डॉक्टर तिथे असो वा नसो. म्हणून डॉक्टर शोधण्याआधी सुईणीलाच विचारा: इंजेक्शन पिशवीत असतं का, बॅग-मास्क आहे का आणि त्याचा सराव शेवटचा कधी केला, बाळ बाहेर येताना हाताशी दुसरी प्रशिक्षित बाई असेल का. इथे उत्तरं गुळमुळीत आली तर कितीही मोठा डॉक्टर पाठीशी उभा केला तरी ती उणीव भरून निघत नाही.

डॉक्टर लागतो तो संथपणे लांबत जाणाऱ्या अडचणींसाठी. आणि पहिलटकरणीला त्याच जास्त येतात. इंग्लंडमध्ये २०११ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, चौसष्ट हजारांहून जास्त कमी जोखमीच्या बायकांचा. त्यात घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी १०० मधल्या सुमारे ४५ जणींना मधेच किंवा बाळ झाल्यावर लगेच हॉस्पिटलला हलवावं लागलं. आधी एखादं बाळंतपण झालेल्यांत हाच आकडा १२ च्या आसपास होता. हलवण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं बाळंतपण पुढे न सरकणं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही तुम्हाला माहीत असावी: पहिलटकरणींची बाळं दगावण्याचं किंवा त्यांना गंभीर त्रास होण्याचं प्रमाण घरच्या बेतात हजारी ९.३ होतं आणि डॉक्टरांच्या प्रसूती विभागात ५.३. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बायकांत असा फरक दिसला नाही. आणि तिथे सुईणी आरोग्यव्यवस्थेतल्याच होत्या, हॉस्पिटलशी बांधलेल्या. तशी व्यवस्था आपल्यामागे नसेल तर ती आपल्यालाच उभी करावी लागते. पाठीशी डॉक्टर ठेवायचा तो यासाठी.

माझ्या पहिल्या वेळी पाणी जाऊन २६ तास झाले होते, कळा येत होत्या, पण गर्भाशयाचं तोंड सात सेंटीमीटर उघडून तिथेच अडलं होतं. बाळाचे ठोके चांगले होते. सुईण शांतपणे म्हणाली, आता निघू या. तिचा निर्णय बरोबर होता. पण हॉस्पिटलमध्ये मला कुणी ओळखत नव्हतं. रक्तगटाचा रिपोर्ट घाईत घरीच राहिला, तपासण्या पुन्हा झाल्या, प्रत्येक नवा माणूस विचारायचा की इतका वेळ घरी का थांबलात. सुईणीला बाहेर बसवलं, म्हणजे गेल्या २६ तासांची हकीकत सांगू शकणारी एकमेव बाई दाराबाहेर, आणि मी कळांच्या मधे तुटक उत्तरं देतेय. बाळ सुखरूप झालं. पण ते दोन-तीन तास अजून मनातून जात नाहीत, आणि ते टाळता आले असते.

दुसऱ्या वेळी मी पाचव्या महिन्यातच एका प्रसूतितज्ज्ञ बाईंकडे गेले आणि पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं. त्या स्पष्ट म्हणाल्या, "घरच्या बाळंतपणाला माझा पाठिंबा नाही. पण तुम्ही कधीही आलात तरी मी घेईन, आणि तुमच्या सुईणीचा फोनही घेईन." मला एवढंच हवं होतं. गोड बोलून 'बघू' म्हणणाऱ्यापेक्षा असा डॉक्टर शंभर पटींनी बरा. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत माझी वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाजवळ होती. त्यांनी बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघायला लावलं. वार वर सरकली होती. सरकली नसती तर घरचा बेत तिथेच संपला असता, आणि ते योग्यच ठरलं असतं.

तुमच्या भीतीबद्दल म्हणूनच सांगते. डॉक्टरने बेत मोडला, तर तो कशामुळे ते ऐकून घ्या. बाळ पायाळू आहे, जुळं आहे, आधीचं सिझेरियन आहे, रक्तदाब १४०/९० च्या वर जातोय, असं काही असेल तर मी स्वतः घरी थांबले नसते. कारण न सांगता नुसतंच घाबरवत असेल तर दुसरा डॉक्टर बघा, पण घरचा बेत लपवून तपासण्या करून घेऊ नका. ऐन वेळी ते उघड होतंच.

भेटीत विचारायचं ते थोडंच आहे. कळा चालू असताना आले तर दाखल करून घ्याल का? तुम्ही रजेवर असाल तेव्हा कोण असेल? रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त किती वेळात मिळतं? सुईणीला माझ्यासोबत आत येऊ द्याल का? कुणीच डॉक्टर तयार झाला नाही, तर ज्या हॉस्पिटलला जाणार तिथेच नाव नोंदवून तपासण्या तिथे करा, म्हणजे निदान फाईल तरी असेल. आणि ते हॉस्पिटल इतकं लांब असेल की वाटेतच जीव टांगणीला लागावा, तर पहिल्या खेपेला मी घरचा हट्ट धरणार नाही. अंतरावर डॉक्टरच्या ओळखीचा काही इलाज नाही.

हे सगळं ठरवायला तुमच्याकडे अजून पाच-सहा आठवडे आहेत. छत्तिसाव्या आठवड्यात डॉक्टरच्या भेटीला सुईणीला सोबत न्या आणि कुठल्या खुणा दिसल्या की निघायचं, हे त्या दोघांना तुमच्या आणि नवऱ्याच्या समोर बोलू द्या: पाणी जाऊन किती तास, पाणी हिरवट आलं तर काय, ठोके किती झाले की, ताप आला तर. आमच्या वेळी ते एका कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या पानाला लावलं होतं, रक्तगटाच्या रिपोर्टच्या वर.