पेडल दाबले तरी गाडी थबकते

प्रश्न : गोव्याहून परतताना चोर्ला घाटाच्या चढावर आमची ऑटोमॅटिक गाडी ॲक्सिलरेटर दाबल्यावर क्षणभर थबकते. प्रतिसाद वाढवणारी पेटी बसवावी का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : घाई करू नये. आजच्या गाड्यांत पेडलला थ्रॉटलची (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेची) तार जोडलेली नसते. सेन्सर संगणकाला इशारा देतो, संगणक मोटरने थ्रॉटल उघडतो, गिअरबॉक्स खालचा गिअर निवडतो आणि टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) असल्यास त्याला वेग घेण्यास आणखी वेळ लागतो. ती पेटी केवळ इशारा वाढवून पाठवते, इंजिनाची ताकद मुळीच वाढवत नाही. वॉरंटीचा वाद उद्भवू शकतो, तो वेगळाच. त्यापेक्षा चढाआधीच मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घ्यावा. ही ढिलाई अलीकडेच जाणवू लागली असेल, तर मात्र एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीवरील काजळी तपासून घ्यावी.